नायट्रोची शेवटची रांग

इमॅजिका या मनोरंजन पार्कला निघालेले ओळखीचे लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात: नायट्रो या रोलर कोस्टरवर पुढे बसायचं की मागे? माझं उत्तर ठरलेलं आहे. शेवटच्या रांगेत बसा. पुढच्या रांगेसाठी लोक जास्त वेळ ताटकळतात, कारण तिथे नजरेसमोर आडवं काही येत नाही आणि वारा थेट तोंडावर घेता येतो. पण ही राईड अंगावर येते ती मागे. त्याचं कारण शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात सापडतं, आणि ते कळल्यावर मजा कमी होत नाही, उलट वाढते.

खोपोली–पाली रस्त्यावर सांगडेवाडीला 2013 मध्ये इमॅजिका सुरू झालं. मनमोहन शेट्टी यांनी ते उभं केलं. 2022 पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. नायट्रो घडवली ती बॉलिगर आणि माबिलार या स्विस कंपनीने. दोन अभियंत्यांनी 1988 मध्ये काढलेली ही कंपनी रोलर कोस्टरच्या जगात फार मानाची. त्यांचा रूळ गुळगुळीत, वळणं मोजूनमापून काढलेली. नायट्रोची उंची सुमारे 40 मीटर, म्हणजे जवळपास तेरा मजले. वाटेत ती पाच वेळा आपल्याला उलटं करते. शिवाय ती बिनतळाची आहे: एकदा बसलात की पायाखालची फरशी सरकते आणि पाय अधांतरी लोंबकळू लागतात. अशा प्रकारचा पहिला रोलर कोस्टर अमेरिकेत न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज पार्कमध्ये 1999 साली आला, त्याचं नाव मेडुसा.

आता शेवटच्या रांगेकडे. गाडीला वर खेचते ती साखळी. त्या चढावर जो टक-टक-टक आवाज येतो तो भीती वाढवण्यासाठी नाही. गाडी मागे घसरू नये म्हणून खाली बसवलेले खटके दात्यांवरून सरकतात, त्यांचा तो आवाज. साखळी तुटली तरी गाडी तिथेच अडकून राहावी, ही सोय. माथ्यावर पोचल्यावर साखळी गाडी सोडून देते आणि तिथून पुढे नायट्रोला इंजिन नाही, मोटर नाही. चढताना कमावलेली उंची हीच सगळी शिदोरी. 40 मीटर खाली आल्यावर वेग किती होईल हे कागदावर काढता येतं: ताशी सुमारे 100 किलोमीटर. या हिशेबात गाडीचं वजन येतच नाही. प्रत्यक्षात मात्र भरलेली गाडी रिकामीपेक्षा किंचित वेगाने धावते, कारण तिच्या वजनाच्या मानाने हवेचा अडथळा कमी पडतो.

गाडी लांब असते, इथेच सगळी गंमत आहे. पहिली रांग माथा ओलांडते तेव्हा गाडीचा बराचसा भाग अजून मागच्या चढावर असतो. तो पुढच्या लोकांना धरून ठेवतो, म्हणून ते काही क्षण कड्यावरून खाली बघत राहतात. जसजशी अधिक गाडी पलीकडे जाते तसा वेग वाढतो. शेवटची रांग माथ्यावर येते तेव्हा पुढचा सगळा भार उतारावर धावत असतो, आणि तो तिला माथ्यावरून अक्षरशः ओढून फेकतो. खुर्ची खाली जाते, शरीर अजून वर जायच्या बेतात असतं. खांद्यावरचा अडसर तेवढा आपल्याला जागेवर ठेवतो. पोटात गोळा येतो तो याच वेळी. एरवी आतडी-जठर खालच्या आधारावर टेकलेली असतात. तो आधार क्षणभर सुटतो आणि मेंदूला ते लगेच कळतं. ज्यांना हे नको असेल त्यांनी मधल्या रांगेत बसावं. तिथे ना कड्यावर लटकणं, ना फेकलं जाणं.

पुण्याहून इमॅजिकाला जाताना बोरघाट उतरावा लागतो, आणि या विषयात रस असलेल्याने घाटातल्या रेल्वेकडे जरूर बघावं. 1863 मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर 37 फुटांमागे एक फूट इतका चढ आहे. आजही कर्जतहून वर येणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. उतरताना गाडीचा ताबा सुटलाच तर तिला वळवून घ्यायला बाजूला चढाचे रूळ टाकले, त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. सुटलेली गाडी त्या चढावर चढते आणि वेग खर्ची पडून थांबते. वेगाची उंची होते आणि उंचीचा वेग, हाच तो नियम. घाटातला रेल्वेवाला त्याच्यापासून गाडी वाचवतो. रोलर कोस्टरचा अभियंता प्रत्येक टेकाडावर मुद्दाम तोच वापरतो. या करमणुकीचं मूळही डोंगरातल्या रेल्वेतच आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात 1827 पासून कोळशाचे डबे नुसत्या उतारावर सोडत असत. पुढे लोक हौसेने त्यात बसू लागले. 1884 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन याने पाच सेंट घेऊन उताराची सैर सुरू केली. वेग ताशी दहा किलोमीटर. सायकलवाला सहज पुढे जाईल, पण रांगा लागल्या.

उलटं करणाऱ्या वेढ्याबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: तो गोल नसतो. गोल केला तर माणसं दुखावतात. पूर्ण गोलात, वरच्या टोकाला अंग जेमतेम हलकं वाटेल एवढा वेग ठेवला तरी खालच्या टोकाला शरीरावर स्वतःच्या वजनाच्या सहापट भार येतो. हे साधं गणित आहे आणि त्यातून सुटका नाही. 1895 च्या सुमारास कोनी आयलंडवर असे गोल वेढे बांधले होते, त्यात लोकांच्या माना आखडत. उत्तर सापडायला 1976 साल उजाडलं. कॅलिफोर्नियात 'रेव्होल्यूशन' नावाच्या कोस्टरसाठी जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल याने थेंबाच्या आकाराचा वेढा आखला: खाली वेग जास्त म्हणून वळण मोठं, वर वेग कमी म्हणून वळण लहान. पुढच्या वेळी नायट्रो खालून बघाल तेव्हा हा आकार शोधा. मला तो कोणत्याही देखण्या पुलाइतकाच सुंदर वाटतो.

मात्र उंची आणि उलटण्याच्या आकड्यांवरून राईडची प्रत ठरवणं मला पटत नाही. याच इमॅजिकात डीप स्पेस आहे, आणि ती लोक नायट्रोनंतर उरलेल्या वेळात उरकतात. ती बंद इमारतीत, अंधारात धावते. तिला साखळीचा चढ नाही. चुंबकीय जोराने ती एकदम पुढे फेकली जाते. तिचा वेग नायट्रोपेक्षा बराच कमी, तरी ती मोठी वाटते. उघड्यावर डोळे पुढचं वळण आधी बघतात आणि मान, खांदे, पोट आपोआप तयार होतात. अंधारात ही सूचना मिळत नाही. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा एक सांगते, डोळे काहीच सांगत नाहीत, आणि साधं डावं वळणही अंगाला चकवतं. म्हणून डीप स्पेस आधी करा, डोळे ताजे असताना.

मुलांच्या बाबतीत माझा आग्रह आहे. पेशवे पार्कात 1956 पासून धावणारी फुलराणी ही पुण्याच्या कित्येक पिढ्यांची पहिली रुळांवरची सैर. तिथून एकदम नायट्रोवर मुलाला ओढून नेणं हा अन्याय आहे. मधे गोल्ड रश एक्स्प्रेस आहे, खाणीच्या गाडीसारखी सजवलेली. ती उलटं करत नाही, पण वळणावर अंग कसं झुकतं, उतारावर श्वास कुठे अडकतो हे नीट शिकवते. मूल तिथून उतरून पुन्हा रांगेकडे धावलं, तरच पुढच्याचा विचार करावा. उंचीची अट पूर्ण होते म्हणजे मनाचीही तयारी झाली, असं नसतं. रडणाऱ्या मुलाला हसत हसत अडसराखाली बसवणारे पालक बघितले की मला राग येतो.

भीतीबद्दल दोन शब्द. रूळ टप्प्यांमध्ये विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी राहते. पुढचा टप्पा मोकळा नसेल तर गाडी आपोआप थांबते, कधी चढावर साखळीवरच. अशा वेळी वर अडकलेले लोक घाबरतात. खरं तर यंत्रणा आपलं काम करत असते. हवेवर चालणारे ब्रेकही असे की हवेचा दाब असेल तरच ते उघडे राहतात. दाब गेला की आवळतात. आणि विजा कडाडू लागल्यावर राईड बंद झाली तर काउंटरवरच्या मुलांशी भांडू नका.

दुपार उलटल्यावर नायट्रोची रांग लावा. सकाळी गाडीची चाकं गार असतात; पॉलियुरेथेनचं आवरण तापलं की ती सहज फिरतात आणि संध्याकाळची गाडी सकाळच्यापेक्षा चपळ असते. नेहमीच्या माणसाला हा फरक पहिल्याच उतारावर कळतो. डोकं मागे टेकवून ठेवा, पाय सैल सोडा.

माझी एक मागणी मात्र अजून पुरी व्हायची आहे. अमेरिकेत ओहायोमध्ये 1979 पासून 'द बीस्ट' नावाचा लाकडी कोस्टर आहे. तो सपाट जागेवर उभारलेला नाही, झाडीतल्या टेकड्या-घळींमधून सोडलेला आहे. लांबी दोन किलोमीटरहून जास्त. आपल्याकडे कोकणाच्या पावसात लाकूड टिकवणं महाग पडेल, पण पोलादी रूळ टिकतो, नायट्रोने ते दाखवून दिलंय. सह्याद्रीच्या पायथ्याला उतार फुकट मिळतो. इमॅजिकाने पुढचा कोस्टर नायट्रोहून उंच करायच्या मागे लागू नये. बुटका, लांब, जमिनीला चिकटून झाडांमधून पळणारा करावा, आणि पावसाळ्यात धुकं उतरलं की तो मुद्दाम चालू ठेवावा.