समुद्राला जायचंय? आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा!

दोस्तांनो, नकाशाचं पुस्तक उघडा आणि परळी वैजनाथवर बोट ठेवा. आता बोट सरळ पश्चिमेकडे सरकवा. अरबी समुद्र, अरबस्तान, आफ्रिका आणि मग अफाट अटलांटिक महासागर ओलांडला की बोट पोचतं हिस्पॅनिओला बेटावर. आलो की आपण कॅरिबियन बेटांत! शेजारीच क्रिकेटवाल्यांचं जमैका. निळं पाणी, वाळू, नारळाची झाडं... "बाबा, सुट्टीत इथंच जाऊ या ना!" असं तोंडातून निघालंच म्हणून समजा.

बाबा आधी हसतील आणि मग तिकिटाचा हिशेब विचारतील. पण बेट, वाळू आणि नारळच हवेत ना? मग ते आपल्या महाराष्ट्रातही आहेत. मालवणला चला! किनाऱ्यासमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि किल्ल्यात मात्र गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. त्यांची नावंही कशी गोड : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव! जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत सिंधुदुर्गही आहे.

जायचं कधी आणि कसं?

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या तेव्हा बंद असतात. मे महिन्यात उकाडा आणि गर्दी दोन्ही भरपूर. म्हणून दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी उत्तम. परळीहून कोल्हापूरला थेट जाणारी रेल्वे आहे, ती नागपूर-कोल्हापूर एक्सप्रेस. ती रोज नसते, तेव्हा वार आणि वेळ स्टेशनवर विचारून मगच सुट्टीच्या तारखा ठरवा. कोल्हापूरहून घाट उतरून एस.टी.नं मालवण. एस.टी.त ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट असतं. रेल्वेत मात्र झोपायला वेगळी जागा हवी असेल, तर तुमचंही पूर्ण तिकीट लागतं बरं का! हा हिशेब वहीत मांडायचं काम तुमचं. घरातल्या मोठ्यांनी तो फक्त तपासायचा.

समुद्राचं वेळापत्रक

गाडीचं वेळापत्रक मिळालं. आता समुद्राचं हवं. ते कुठं मिळेल? तुमच्या घरातल्या भिंतीवर! समुद्राचं पाणी दिवसातून साधारण दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. चढलं की भरती, उतरलं की ओहोटी. हे मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे घडतं, थोडा हात सूर्याचाही असतो. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य दोघांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा सगळ्यात मोठी भरती येते. तिला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या आसपासची भरती लहान. ती भांगाची.

कोकणातला जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळेल. समजा, भाऊबीज करून तुम्ही निघालात आणि षष्ठीला मालवणात पोचलात. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पूर्ण भरती दुपारी साडेचारच्या सुमारास. त्याच्या सहा तास आधी, सकाळी साडेदहाला, पूर्ण ओहोटी. तेव्हा वाळू सगळ्यात रुंद आणि खडकांतल्या डबक्यांत खेकडे, शंख बघायला मिळतील. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन मोजायचं. हा अंदाजच आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. म्हणून तिथं गेल्यावर कोळीदादांना विचारायचंच.

हे मात्र आई-बाबांनीही वाचावं

हे सगळं गंमत म्हणून सांगत नाही. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून कॉलेजच्या सहलीला आलेले ८ जण बुडाले. त्याच्या आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०१६ रोजी, रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला पुण्याचे १४ विद्यार्थी गेले. ही सगळी तुमच्याहून मोठी माणसं होती.

तुमच्यापैकी कितीजण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेत! शाब्बास. पण विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं पाणी चालतं. लाटा किनाऱ्यावर जे पाणी आणून टाकतात, ते परत जायला वाट शोधतं. कधी कधी ही वाट अरुंद आणि फार जोरदार असते. आजूबाजूला लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा गुळगुळीत, गढूळ दिसतोय? तो शांत वाटतो, पण तोच आत ओढतो. तिथं पाऊल टाकायचं नाही.

तरीही कुणी ओढलं गेलं तर?

किनाऱ्याकडे झगडत पोहू नका, दम संपतो. उताणे होऊन तरंगा, हात वर करून हाका मारा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. ती वाट संपली की मग किनाऱ्याकडे वळा.

दुसरा कुणी बुडताना दिसला तर त्याच्यामागे उडी मारू नका. दोर, रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, बॉल, जे तरंगेल ते फेका आणि मोठ्यांना बोलवा.

पाणी गुडघ्यापर्यंतच. घरातलं एक मोठं माणूस पाण्याबाहेर उभं राहून फक्त मुलांकडे बघणार, मोबाईलकडे नाही. होडीत बसताना लाइफ जॅकेट घालायचंच. ओहोटीत खडकांवर गेलात तर पाणी चढायला लागताच माघारी फिरायचं. आणि स्थानिक माणसानं "इथं नको" म्हटलं की वाद नाही.

तर मग, आज रात्री जेवणं झाली की कॅलेंडर खाली काढा. सुट्टीच्या तारखा लिहा, शेजारी तिथी लिहा, आणि त्यांची पाऊणपट करा. कुठल्या दिवशी सकाळी ओहोटी आहे ते आई-बाबांना दाखवा. परळीपासून समुद्र खूप लांब, पण त्याचं वेळापत्रक तुमच्या हातात. मग बघा, बाबा तिकिटाचा हिशेब स्वतःहून विचारतात की नाही!