आवाज चढला म्हणजे मोटर गेली का?

जुन्या व्हॅक्यूम क्लीनरमध्ये मुळात चारच गोष्टी असतात : मोटर, तिच्या शाफ्टवर बसवलेला पंखा, धूळ गाळणारी पिशवी आणि नळी. महाराष्ट्रातल्या घरांत ही यंत्रे मुख्यतः दोन वाटांनी आली. १९८२ मध्ये टाटा समूहातील फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्स ही कंपनी उभी राहिली. तिचे टाय लावलेले विक्रेते घरोघरी जाऊन गादीतून निघालेली धूळ घरच्यांना दाखवू लागले, आणि ‘युरोक्लीन’ हे नाव घराघरांत पोचले. दुसरी वाट परदेशातल्या नातेवाइकांच्या सामानाची. आज ही यंत्रे माळ्यावर, भंगारवाल्याच्या हातगाडीवर किंवा पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात सापडतात. ती जमवून, दुरुस्त करून पुन्हा चालती करण्याचा छंद स्वस्त आहे. मात्र त्याच्याभोवती ऐकीव माहितीचा थर यंत्राच्या पिशवीतल्या धुळीपेक्षा जाड आहे.

मंगळवेढ्यासारख्या गावात अशा यंत्राला कामाची वाण नसते. भोवती खोल काळी जमीन आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली इथली ज्वारी याच जमिनीत पिकते. सुगीत मळणीचा भुसा हवेत असतो आणि जुन्या माळवदी घरांत छतावरच्या पांढऱ्या मातीची भुकटी वर्षभर खाली गळत राहते. काळ्या मातीतले चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. कापडी पिशवीची छिद्रे त्यांच्या कितीतरी पट मोठी, त्यामुळे हे कण काही आरपार जातात, काही विणीत अडकून बसतात. पुढच्या सगळ्या गैरसमजाची सुरुवात इथेच होते.

तो गैरसमज असा : यंत्र जुने झाले, ओढ कमी झाली, आवाज मात्र चढला, म्हणजे मोटर थकली, तिच्यावर ताण येतो आहे. हे वाक्य घरमालक म्हणतो, भंगारवाला म्हणतो आणि दुर्दैवाने पुष्कळ दुरुस्तीवालेही म्हणतात. मग मोटर उघडली जाते, रिवाइंडिंग सुचवले जाते, खर्च ऐकून यंत्र भंगारात जाते. एवढे सगळे होईपर्यंत पिशवी झटकून पाहण्याचे कोणाला सुचत नाही.

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. नळी तुंबली की मोटरवरचा भार वाढत नाही, कमी होतो. हे पटायला जड जाते, कारण माणसाचा अनुभव वेगळा असतो. तोंड दाबलेल्या पिचकारीचा दट्ट्या रेटायला जोर लागतो. व्हॅक्यूम क्लीनरचा पंखा मात्र दट्ट्यासारखा हवा ढकलत नाही. तो मधून हवा घेतो आणि गरगर फिरवून कडेने बाहेर फेकतो. त्याला लागणारी शक्ती ठरते ती दर सेकंदाला किती हवा फेकायची यावर. नळीच बंद असेल तर नवी हवा येत नाही, आतली हवा पंख्याबरोबर नुसती फिरत राहते, आणि फेकण्याचे काम जवळजवळ संपते. ही मोटर युनिव्हर्सल जातीची असते. तिला छताच्या पंख्यासारखा ठरावीक वेग नसतो. भार उतरला की ती सुसाट सुटते. चढलेला आवाज तो हाच.

स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्येही याच जातीची मोटर असते. रिकामे भांडे लावून मिक्सर सुरू केला तर तो किंचाळतो. त्यात ओल्या खोबऱ्याचे घट्ट वाटण घातले की आवाज जड होऊन खाली येतो. मिक्सर किंचाळला म्हणून त्याच्यावर ताण आला असे कोणी म्हणत नाही. व्हॅक्यूम क्लीनरच्या बाबतीत मात्र रोज म्हटले जाते.

ज्यांना मिक्सरचा दाखला पुरत नाही, त्यांच्यासाठी इलेक्ट्रिशियनच्या पेटीतला क्लॅम्प मीटर आहे. एका सुट्या वायरभोवती त्याचा चिमटा लावायचा. २३० व्होल्टवर चालणारे १००० वॅटचे यंत्र नळी मोकळी असताना सव्वाचार अँपिअरच्या आसपास वीज घेते. नळीच्या तोंडावर तळहात दाबला की आवाज चढतो आणि त्याच क्षणी मीटरवरचा आकडा खाली घसरतो. किती घसरतो ते यंत्रागणिक वेगळे, पण घसरतो. मोटर ताण घेत असती तर तो वर गेला असता. वाद मिटवायला पाच सेकंद पुरतात, आणि तरीही तो मिटत नाही.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. तुंबलेले यंत्र बंद करावे हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला बरोबरच आहे, त्यामागचे कारण तेवढे चुकीचे आहे. जुन्या घरगुती यंत्रांत पिशवीतून गाळून आलेली हवाच मोटरवरून जाते आणि तिला थंड ठेवते. नळी बंद म्हणजे वारा बंद. वीज कमी घेत असली तरी मोटर आतल्या आत तापत जाते, शिवाय वेग वाढल्याने बेअरिंग झिजतात. कारण चुकले म्हणून बिघडते ते एवढेच, की इलाजही चुकतो. ताण समजणारा मोटरकडे धावतो, वारा बंद झाला हे समजणारा पिशवीकडे.

ओढ कमी होण्याची कारणे शोधण्याचा क्रम म्हणूनच बाहेरून आत असा असावा. पहिली पिशवी. वरून स्वच्छ दिसणारी पिशवीही तुंबलेली असू शकते, कारण चिकणमाती विणीच्या आत बसते. पिशवी काढून, पण मोटरपुढचे गाळणे जागेवर ठेवून, यंत्र क्षणभर चालवले आणि ओढ परत आली, तर दोष सापडला. मग नळी. प्लॅस्टिकच्या लवचिक नळीला वाकायच्या जागी, विशेषतः हँडलच्या मागे, केसासारख्या चिरा जातात. नळी अंधारात धरून आत टॉर्च लावला की त्या चमकतात. मग झाकणाचे रबर. मंगळवेढ्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पडून राहिलेले रबर काही वर्षांत चिवट न राहता कडक होते, आणि झाकण बसल्यासारखे दिसले तरी फटीतून हवा शिरत राहते. मोटरची पाळी या सगळ्यानंतर.

मोजमाप करायचे असेल तर गवंड्याची लेव्हलची नळी पुरते. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून जिन्याच्या कठड्याला उभी बांधायची, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरायचे आणि तिचे एक टोक सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून यंत्राच्या तोंडात घट्ट बसवायचे. चांगल्या स्थितीतले घरगुती यंत्र साधारण दीड ते अडीच मीटर उंचीचा फरक दाखवते. आधी यंत्राच्या तोंडाशी मोजावे, मग नळी लावून तिच्या टोकाशी. दोन आकड्यांत मोठी तफावत आली तर चोर नळीत आहे. यू अक्षराच्या दोन्ही बाजू अडीच मीटरहून उंच हव्यात, नाहीतर पाणी थेट मोटरमध्ये जाईल. आणि यंत्र दहा सेकंदांच्या आत बंद करावे, कारण या चाचणीतही वारा बंदच असतो.

मोटर कधी बिघडतच नाही, असे मात्र नाही. बिघडते तेव्हा ती वेगळ्या खुणा देते. ‘कार्बन’ म्हणून ओळखले जाणारे ब्रश झिजले की कम्युटेटरपाशी ठिणग्या वाढतात, आवाज चढण्याऐवजी अडखळतो आणि कधी यंत्राला टपली मारल्यावरच ते सुरू होते. बेअरिंग कोरडे पडले की खरखर येते आणि यंत्र बंद केल्यावर पंखा घरंगळत थांबण्याऐवजी पटकन अडतो. आर्मेचरची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाची, वाइंडिंग जळली तर वास सांगतो, मीटरची गरजही लागत नाही. यातले कार्बन आणि बेअरिंग तालुक्याच्या गावातला मिक्सर दुरुस्त करणारा बदलू शकतो. आर्मेचर रिवाइंड करणे मात्र जपून. ही मोटर मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेते. तोल न साधता गुंडाळलेले आर्मेचर एवढ्या वेगाला नवी बेअरिंगही थोड्या दिवसांत खाऊन टाकते.

जास्त वॅट म्हणजे जास्त ओढ, हा याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. वॅट म्हणजे यंत्राने घेतलेली वीज. त्यातली ओढीत किती उतरली, हे पंख्याच्या आकारावर आणि फटींवर ठरते. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून नव्या यंत्रांना १६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादा घातली. तिथली घरे त्यामुळे धुळीने भरून गेलेली नाहीत. जुने ते दणकट हेही तेवढेच अर्धवट. पत्र्याचे अंग दणकट असते, त्यातली रबराच्या वेष्टनाची वायर नसते. ती बोटाने वाकवली की वेष्टनाचा चुरा हातात येतो. दोन पिनांच्या, धातूच्या अंगाच्या यंत्राला सगळी वायर बदलून, अर्थिंग देऊन आणि इन्शुलेशन मेगर या मीटरने तपासूनच प्लग लावावा.

नाव व्हॅक्यूम असले तरी आत निर्वात पोकळी वगैरे नसते, आणि यंत्र धूळ खऱ्या अर्थाने ओढतही नाही. ते आतला दाब थोडा उतरवते आणि बाहेरची हवा धुळीला घेऊन आत घुसते. मंगळवेढा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे, म्हणजे तिथे हवेचा दाब साधारण ९६ किलोपास्कल. चांगले यंत्र त्यातले वीसेक किलोपास्कल कमी करते, बाकीची तीन चतुर्थांशांहून अधिक हवा आतच असते.

शोध हूव्हरचा, असेही छापून येते. इंग्रज अभियंता ह्यूबर्ट सेसिल बूथ याने १९०१ मध्ये हवा आत खेचणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले होते. ते घोडागाडीवरून फिरे, रस्त्यात उभे राही आणि त्याच्या नळ्या खिडक्यांतून घरात जात. हातात धरता येणारे विजेचे यंत्र ओहायोतल्या जेम्स मरे स्पँगलर नावाच्या सफाई कामगाराने बनवले. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि हूव्हरने ते विकत घेतले. ऐंशीच्या दशकातल्या यंत्राला ‘अँटिक’ म्हणून भाव सांगणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात अशा वस्तूसाठी वयाची अट १०० वर्षांची आहे.

जुन्या यंत्रांत ‘लाल पारा’ असतो आणि तो कोट्यवधींना जातो, ही अफवा तर संग्राहकांच्या मुळावर उठली आहे. २००९ मध्ये सौदी अरेबियात तिच्यापायी जुन्या सिंगर शिलाई यंत्रांना वेड्यासारखे भाव आले, आणि नंतर मालेगावात जुन्या रेडिओ-टीव्हींच्या मागे लोक लागले. असा पदार्थच अस्तित्वात नाही, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००४ मध्ये सांगितले आहे. व्हॅक्यूम क्लीनरमध्ये मौल्यवान म्हणावे असे काही असेल तर मूठभर तांब्याची तार, आणि तिच्यासाठी यंत्र फोडणाऱ्याला भंगाराच्या भावाने फार काही हाती लागत नाही.

पिशवीबद्दलही एक भ्रम आहे. ती धुऊन लख्ख केली की उत्तम गाळते, असे मानतात. कोऱ्या कापडातून बारीक माती सर्वांत जास्त निसटते, विणीवर धुळीचा पातळ थर बसला की गाळणे सुधारते. म्हणून कापडी पिशवी झटकावी, ब्रशने साफ करावी, घासून धुऊ नये. कागदी पिशवी टाकूनच द्यावी. कोरड्या कामाच्या यंत्राने पाणी ओढू नये, आणि पिठाच्या गिरणीतली पांढरी धूळ तर मुळीच नाही. पीठ पिशवीतून निसटून मोटरपर्यंत पोचते, तिथे कार्बनच्या ठिणग्या असतात आणि हवेत तरंगणारे पीठ पेट घेऊ शकते.

राहिली अमेरिकेहून आलेली यंत्रे. ‘तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०, म्हणून ते इथे चालणार नाही,’ असे सांगून ती फुकटात दिली जातात. युनिव्हर्सल मोटरला हर्ट्झशी काही देणेघेणे नसते, ती एकदिश प्रवाहावरही फिरते. खरा प्रश्न व्होल्टचा. १२० व्होल्टचे यंत्र थेट २३० वर लावले तर मोटर काही क्षण किंचाळते आणि धूर सोडते. त्याला दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याची क्षमता यंत्राच्या वॅटपेक्षा किमान चतुर्थांशाने जास्त असावी, कारण सुरू होतानाचा झटका मोठा असतो. प्रवासात दाढीच्या यंत्रासाठी वापरतात तो चिमुकला कन्व्हर्टर या कामाचा नाही.