पायांनीं राखलेल्या वाटा

आमच्यासारख्या पांढरपेशा घरांतून आल्प्स पर्वताची ओळख पुष्कळदां सह्याद्रीच्या ओळखीपेक्षां अधिक असते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत बर्फाचीं शिखरें असतात. घरांतील कोणी परदेशीं असला, तर डोंगरपायथ्याच्या टुमदार खेड्यांचीं छायाचित्रेंही येतात. इटलीच्या उत्तरेकडील अशाच एका खेड्याचीं चित्रें आमच्या पुतण्यानें पाठविलीं, तेव्हां आमचें लक्ष शिखरांपेक्षां एका लहानशा गोष्टीनें वेधून घेतलें. पाऊलवाटेच्या कडेच्या दगडावर तांबड्या व पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढलेले होते. इटालियन आल्प्स मंडळाची स्थापना १८६३ सालीं तूरिन येथें झाली. डोंगरवाटांवर खुणा करणें आणि वाटसरूंसाठीं निवारे राखणें, हें काम तें मंडळ करीत आलें आहे. चित्र हातांत धरून आमच्या आजींनीं विचारलें, "आणि आपल्या मढे घाटाची वाट कोण रे राखतं?"

या प्रश्नामागें एक घरगुती हकीकत आहे. आजींचे सासरे भोर संस्थानच्या चाकरींत वेल्ह्यास होते, आणि सासूबाई महाडकडच्या. लग्न होऊन त्या प्रथम घाटावर आल्या, त्या मढे घाटानें. कांहीं वाट डोलींत, कांहीं पायीं. ती कथा आजींनीं त्यांच्या तोंडून अनेकदां ऐकली होती, पण ती वाट पाहिली मात्र कधींच नव्हती. आतां त्यांचें वय पंचाऐंशीच्या घरांत. तेव्हां दसरा होतांच वेल्ह्यास मुक्काम करावा, धाकट्या मंडळींनीं एक दिवस राजगड-तोरणा पायीं करावा, आणि दुसरे दिवशीं आजींना मोटारीनें केळदला नेऊन घाटाचें तोंड दाखवावें, असें ठरलें.

ज्यांनीं हा मुलूख पाहिला नाहीं, त्यांच्यासाठीं त्याची ठेवण थोडक्यांत सांगतों. सह्याद्रीची मुख्य धार येथें दक्षिणोत्तर गेली आहे. तिच्या पश्चिमेस कडा तुटून एकदम कोंकण, आणि पूर्वेस हाताच्या बोटांसारखे पसरलेले डोंगराचे दांड. त्यांपैकीं एका दांडावर पश्चिमेस तोरणा व पूर्वेस राजगड बसला आहे. दांडाच्या उत्तरेस कानंदी व गुंजवणी, दक्षिणेस वेळवंडी. आणखी दक्षिणेस वरंध घाटाकडे शिरगांवीं नीरा उगम पावते, आणि या साऱ्यांचें पाणी अखेर नीरेलाच मिळतें. तोरणा सुमारें १४०० मीटर, म्हणजे ४६०० फूट उंच. पुणें जिल्ह्यांतील डोंगरी किल्ल्यांत सर्वांत उंच. १६४६ च्या सुमारास तो शिवाजीमहाराजांच्या हातीं आला, आणि तेथें सांपडलेल्या धनांतून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, अशी परंपरा आहे. पुढें सुमारें पाव शतक राजगड हीच राजधानी होती. १६५९ सालीं सईबाई तेथेंच निवर्तल्या. १६६६ सालीं आग्र्याहून सुटून महाराज तेथेंच परतले. १६७० सालीं राजाराममहाराजांचा जन्मही तेथलाच. युनेस्कोनें २०२५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले, त्यांत राजगड आहे. भोर संस्थानांत तालुक्यांना राजगड, प्रचंडगड, विचित्रगड अशीं किल्ल्यांचींच नांवें असत. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. आणि वेल्हें तालुक्याला राजगड हें नांव देण्याचा निर्णय २०२४ सालीं झाला, तेव्हां आमच्या घरांतील वडील मंडळींना तें नांव मुळींच नवें वाटलें नाहीं.

आम्ही पांच जण पहांटे गुंजवण्याहून निघालों: आम्ही उभयतां, धाकटे बंधु, आणि त्यांचीं दोन मुलें. चोरदरवाजाच्या वाटेनें पद्मावती माचीवर पोंचेपर्यंत ऊन चांगलेंच वर आलें. सुटीचा दिवस असल्यामुळें या वाटेवर माणसांची रीघ लागलेली होती. इतक्या पायांनीं माती सुटून वाटेचा जागोजाग घळ झाला आहे. पावसाळ्यांत तिच्यांतून ओहोळ वाहतो, आणि लोक चिखल चुकवून कडेनें चालतात, म्हणून तिला दर वर्षीं नव्या फांट्या फुटतात. गर्दीनें वाट मरते, हें आम्हीं येथें पाहिलें. ती माणसांवांचूनही मरते, हें त्याच दिवशीं दुपारीं आमच्या अनुभवास यावयाचें होतें.

संजीवनी माचीच्या टोकाकडे गर्दी विरळ झाली. अळू दरवाजानें खालीं उतरून आम्ही तोरण्याकडे जाणाऱ्या धारेला लागलों. डावीकडे दूरवर भाटघर धरणाचें पाणी चमकत होतें. समोर बुधला माचीचा सुळका. वेल्ह्याहून भुतोंड्याकडे जाणारी डांबरी सडक खिंडींत ओलांडली, तोंपर्यंत सर्व ठीक होतें. पुढें मात्र पावसाळ्यांतलें गवत डोक्याइतकें उभें होतें, कारवी माजली होती, आणि तेवढ्यांत धुकें उतरलें. मोबाईलांतील नकाशा वाटेची रेघ दाखवीत होता. परंतु ती रेघ ज्या जमिनीवर असावयाची, तेथें गवताखेरीज कांहींच दिसेना. थोरल्या पुतणीनें एक मळलेली वाट शोधून काढली. ती गुरांची पाण्यावर जाण्याची वाट निघाली, आणि तिनें आम्हांस एका कड्याच्या ओठावर आणून सोडलें. पुतण्या बारा वर्षांचा. त्याचा पाय मुरगळला. तीन वाजून गेले होते. मोबाईलला आवाज मिळेना. वेल्ह्यांत आजी वाट पाहत असतील, हा विचार प्रत्येकाच्या मनांत होता, पण बोलून कोणी दाखविला नाहीं.

आम्हीं हांका मारल्या. बऱ्याच वेळानें खालून कुत्रें भुंकलें, आणि त्याच्यामागून एक वृद्ध धनगर वर आला. आमची पादत्राणें आणि पाठीवरचीं ओझीं न्याहाळून तो म्हणाला, "हितं कशापायीं आलासा? वाट तर वरल्या अंगाला ऱ्हायली."

"मामा, वाट दिसलीच नाहीं," बंधु म्हणाले.

"दिसल कशी? मोडली न्हवं का ती. वाट काय कुनी बांदत न्हाई, पाव्हनं. गुरं चालली म्हंजी वाट ऱ्हाती. पोरगं पुन्याला गेलं, गुरं इकली. दोन ऱ्हायल्यात, ती पान्यापत्तूर जात्यात. तेवढीच वाट मळलीय."

त्यानें पुतण्याचा पाय चोळून फडक्यानें आवळून बांधला, आणि पुढें होऊन काठीनें गवत दुभंगीत आम्हांस धारेवर आणलें. कोठें जुना दगड बसविलेला आहे, कोठें कातळांत पावठी आहे, हें त्याच्या पायांना ठाऊक होतें. डोळ्यांचें त्याला विशेष काम पडत नव्हतें. बुधला माचीच्या पायथ्याशीं त्यानें निरोप घेतला. आम्हीं पैसे पुढें केले, ते त्यानें संकोच न करितां घेतले, आणि त्यांत आम्हांस बरेंच वाटलें. तें दान नव्हतें. त्याच्या विद्येचा तो मोबदला होता. मेंगाईच्या देवळाशीं क्षणभर टेकून आम्ही तोरण्यावरून वेल्ह्यास उतरलों, तेव्हां रात्रीचे नऊ वाजले होते. आजी ओसरीवर कंदील घेऊन बसलेल्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. नातवाच्या पायाला तेल लावीत राहिल्या.

त्या धनगराचे शब्द आमच्या मनांतून गेले नाहींत. या मुलखांत घाटाखालीं उतरणाऱ्या वाटा किती होत्या! मढे, उपांड्या, गोप्या, शेवत्या. सिंगापूरची नाळ, आग्याची नाळ, बोचेघोळ. त्यांवरून मीठ वर आलें, सोयरीक झाली, सैन्य उतरलें. पुढें मोटारीचे रस्ते झाले, तें योग्यच झालें. आजारी माणूस झोळींतून घाट चढवावा, असें कोण म्हणेल? परंतु पायवाटेला दोन-तीन पावसाळे पाय लागले नाहींत, तर गवत व कारवी तिला गिळतात, दरड तिची पावठी नेते, आणि ती जाणणारा अखेरचा म्हातारा गेला, म्हणजे ती नकाशावर असूनही नाहींशी होते. आल्प्सांत वाट रंगानें राखतात. आपल्याकडे ती पायांनीं राखली गेली आहे. रंगाचा डबा विकत आणतां येईल. पाय कोठून आणावे?

म्हणून वाचकांस आमची विनंति आहे. दिवाळीनंतर माघापर्यंत हवा कोरडी व थंड असते. त्या दिवसांत मुलांना घेऊन या डोंगरांत जावें. सगळ्यांनीं राजगडाच्या एकाच वाटेवर लोटूं नये. रोहिडा आहे, रायरेश्वराचें पठार आहे, केळदच्या बाजूच्या घाटवाटा आहेत. गांवांतला वाटाड्या घ्यावा, आणि त्याचें वेतन आधींच ठरवून पुरतें द्यावें. माणशीं निदान तीन लिटर पाणी, दशम्या, गूळ, विजेरी आणि एक शिटी जवळ असावी. कड्यांवर आग्या मोहळें असतात; तेथें धूर, उग्र अत्तर व आरडाओरड वर्ज्य. दुपारीं दोनपर्यंत अर्धी वाट झाली नसेल, तर मुकाट्यानें परत फिरावें. आणि आपला केरकचरा आपल्याच पिशवींतून घरीं आणावा.

दुसरे दिवशीं आजींना घेऊन आम्ही केळदच्या पुढें घाटाच्या तोंडाशीं गेलों. १६७० सालीं तानाजी मालुसऱ्यांचा देह सिंहगडाहून उमरठ्यास याच वाटेनें नेला, म्हणून याचें नांव मढे घाट, असें तेथील लोक सांगतात. धबधब्याची धार बारीक झाली होती. खालीं कोंकण निळसर धुक्यांत पसरलेलें. आजी कांठी टेकून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. इतक्यांत खालून दोन बायका डोक्यावर ओझीं घेऊन वर आल्या.

"रोज येतां का ग याच वाटेनं?" आजींनीं विचारलें.

"रोज न्हाई, आजी. कामापुरतं येतुं," त्यांतली एक घाम पुसत म्हणाली.

आजींनीं नातीचा हात धरला आणि वाटेच्या उतारावर दहा पावलें गेल्या. आम्ही घाबरून पुढें झालों, तशी त्यांनीं हातानेंच थांबविलें. तेथल्या एका दगडावर क्षणभर बसून त्या तितक्याच सावकाश वर आल्या. परततांना मोटारींत पुतण्यानें विचारलें, "आजी, तुमच्या सासूबाई कोणत्या महिन्यांत आल्या होत्या?"

"मार्गशीर्षांत," आजी म्हणाल्या.

येत्या मार्गशीर्षांत, पुतण्याचा पाय बरा झाला म्हणजे, आम्ही सर्व जण केळदचा वाटाड्या बरोबर घेऊन मढे घाटानें कोंकणांत उतरणार आहों.