जुनी गाडी घेताय? बॉनेटआधी कागद उघडा

रविवारी सकाळी जुनी गाडी पाहायला बहुधा सगळे घरच निघते. मुले मागच्या सीटवर उड्या मारून पाहतात, आजोबांना गुडघा न दुखता आत बसता येते, रंग घरात सर्वांनाच पसंत पडतो. विकणारा म्हणतो, "अजून दोघे संध्याकाळी येणार आहेत, साहेब." आणि तिथेच विसार दिला जातो. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले किंवा मुदत ठेव मोडून आणलेले पैसे असे अर्ध्या तासात हातचे जातात.

खरे तर पहिल्या भेटीत गाडीला हातही लावू नये. आधी आरसी मागावी. तीवरचा चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरच्या क्रमांकांशी एकेक अक्षर लावून पाहावेत. आजच्या गाड्यांचा चेसिस क्रमांक सतरा अक्षरांचा असतो. तो खरवडलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर चहाही न घेता उठावे. मालकाचे नाव आणि समोर बसलेला माणूस एकच आहे का, हेही पाहावे. "गाडी मेहुण्याची आहे, तो दुबईला असतो" असे उत्तर मिळाले, तर मेहुणा येईपर्यंत थांबावे.

कर्जाचा बोजा हा सर्वांत फसवा भाग. गाडी कर्जावर घेतलेली असेल, तर आरसीवर बँकेचे नाव असते. हप्ते फिटले म्हणून ते आपोआप जात नाही. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ आरटीओत दिल्यावरच ती नोंद उतरते. "उतरवून देतो नंतर" या शब्दावर पूर्ण रक्कम देऊ नये. थकलेल्या ई-चलानाचेही तसेच. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणी, विमा आणि दंड पाहता येतात. घरातला कॉलेजकुमार हे काम पाच मिनिटांत करून देईल.

दिल्लीची गाडी स्वस्तात मिळतेय, असे अलीकडे पुण्या-नाशिकातही ऐकू येते. त्यामागे कारण आहे. राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची अंमलबजावणी करायला सांगितले. पुढे त्यात फेरबदल झाले, पण तोवर तिकडच्या चांगल्या गाड्या इतर राज्यांत विकायला निघाल्या होत्या. गाडी वाईटच असेल असे नाही. मात्र तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला, इथला रस्ता कर आणि नवी नोंदणी हा खर्च किमतीत मिळवून मगच ती स्वस्त की महाग ते ठरवावे. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. बारा वर्षांची गाडी घेणाऱ्याने तीन वर्षांनी येणारे नूतनीकरण आजच मोजावे. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे.

आता गाडीकडे वळू. भरवशाचा मेकॅनिक बरोबर हवाच, आणि तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा. गाडी दिवसाउजेडी पाहावी आणि इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन बरेच काही लपवते. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट आत शिरत असावे. दारांवर छोटे लोहचुंबक फिरवावे. पत्र्यावर जिथे ते चिकटत नाही, तिथे रंगाखाली लांबी भरलेली असू शकते. किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये, तो मागे फिरवता येतो. आकडा तीस हजार आणि क्लच पेडलचे रबर पार गुळगुळीत, तर रबरावर विश्वास ठेवावा. टायरवरचे चार आकडे सांगतात तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली बनला. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

पुरात बुडालेली गाडी ओळखणे मात्र अवघड. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशी गाडी धुऊन-पुसून उभी केली की नवीसारखी दिसते, मग काही महिन्यांनी वायरिंग एकेक करून दगा देऊ लागते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहून जाते. पायाखालचा गालिचा उचलावा, स्टेपनीच्या खड्ड्यात गंज आहे का ते बघावे. उग्र अत्तराचा वास येत असेल, तर कशासाठी मारलेय ते विचारावे!

विचारायचे प्रश्न साधेच आहेत. का विकताय? सर्व्हिस कुठे केली, पावत्या आहेत का? दुसरी किल्ली कुठे आहे? विम्याचा क्लेम कधी घेतला होता का? गॅसकिट बसवले असेल, तर आरसीवर त्याची नोंद आहे का?

व्यवहार झाला की विकणाऱ्याच्या सहीचे कोरे फॉर्म कपाटात ठेवून देणारे महाभाग कमी नाहीत. फॉर्म २९ आणि ३० तातडीने आरटीओत द्यावेत. घेणाऱ्याला त्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे. विम्याचे बदल तर चौदा दिवसांत कळवायचे असतात. तिसऱ्या पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे तसे येत नाही. नाव बदलले नसताना गाडी ठोकली, तर दुरुस्तीचे बिल बहुधा नव्या मालकाच्याच खिशातून जाते. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस मात्र त्याच्याबरोबर जातो, म्हणून विम्याचा पुढचा हप्ता वाढीव धरूनच भाव करावा.