शनिवारची गुंडाळी

पहाटे ४.५०
नेरूळ. वन रूम किचन. बाई ओट्यावर कागद कापतायत. कार्ट्रिजची फुल शीट, बावीस बाय तीस इंच. मधोमध घडी, घडीवरून नख, मग जुनी बोथट सुरी. धारेची सुरी घडी सोडून पळते, म्हणून बोथटच. एका शीटचे चार कागद. शीट बारा रुपयांना पडते. आज दहा शीट, म्हणजे चाळीस कागद. कापून झाले की त्यांची गुंडाळी फ्लेक्समध्ये. फ्लेक्स कुण्या दादांच्या वाढदिवसाचा आहे. दादा आत, पाऊस बाहेर.

५.३५
नेरूळ स्टेशन, पनवेलकडची गाडी. खांद्यावरच्या पिशवीत तैलखडूंचे डबे, पोस्टर रंगाच्या बाटल्या, पितळी तांब्या, दोन वांगी. वांगी परतीच्या वाटेवर घरी येतात आणि रात्री भाजीत पडतात. ही शनिवारची ठरलेली भाजी.

६.२०
पनवेलचं एसटी स्टँड. धोदाणीकडे जाणारी गाडी फलाटावर लागली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टर गुंडाळी बघून म्हणतो, "बाई, आज कुठं लावायचा बॅनर?" "तुमच्याच गाडीला."

बाई ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, झालेल्या. सोमवार ते शुक्रवार एका खासगी शाळेत कंत्राटावर, महिना चौदा हजार. संध्याकाळी घरात चित्रकलेचा क्लास, सहा मुलं, प्रत्येकी सातशे. क्लासच्या बेचाळीसशेतून शनिवार निघतो. कागद, रंग, गाडीभाडं धरून महिन्याला अकराशेच्या आसपास. हा खर्च त्यांना कुणी देत नाही. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मागितला कुठे कुणाकडे?" आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

७.१०
नेरे गेलं. समोर माथेरानचा डोंगर असायला हवा, पण सगळं ढगात. पनवेलला पाणी देणारं देहरंग धरण याच अंगाला. फाट्यावर उतरायचं आणि वाडीपर्यंत पंचवीस मिनिटं चालायचं. मध्ये ओढा. पाणी पोटरीपर्यंत. बाई चपला हातात घेतात, गुंडाळी डोक्यावर. मागच्या जुलैत ओढ्याने दोन शनिवार खाल्ले.

७.५०
जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी. पट सत्तावीस, दोन गुरुजी. मुलं ठाकरांची आणि कातकऱ्यांची. शिक्षणहक्क कायद्यात कला शिकवणाऱ्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीला, तीही तिथला पट शंभरावर असेल तर. या वाडीत सगळी माणसं मोजली तरी शंभराची ओढाताण होईल.

आज हजर अठरा. लावणी चालू आहे. एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलीय, कारण आई चिखलात. त्यालाही एक कागद. तो आधी चाटून बघतो.

८.१५
वीज गेली. दार उघडं टाकलं, तेवढाच उजेड. गुरुजींच्या टेबलावर तांब्या, शेजारी वांगं. मुलं खाली सतरंजीवर. वस्तुचित्र.

मागच्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर तांब्या काढून दाखवला होता. तोंड लंबगोल, आत काळोख. बहुतेकांनी तोच काढलाय. पुढच्या रांगेतल्या चौथीच्या एका मुलाने मात्र तोंडच काढलेलं नाही. काठाच्या जागी एक रेघ, मधे जराशी वर फुगलेली. बाई त्याची पेन्सिल घेतात, लंबगोल काढायला टोक टेकवतात. तो हळूच म्हणतो, "बाई, हितून त्याचं तोंड दिसतच नाय."

बाई थांबतात. मग त्याच्या शेजारी मांडी घालतात आणि मान वाकवून आपले डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीला आणतात. तांब्या टेबलावर, डोळे खाली. तोंड खरंच दिसत नाही. दिसते ती काठाची रेघ, जराशी वर फुगलेली.

पेन्सिल परत दिली. उठून तांब्या टेबलावरून उचलला, सतरंजीच्या मधोमध ठेवला. "आता?" अठरा डोकी पुढे झुकली. आता सगळ्यांना आतला काळोख दिसला. पुन्हा टेबलावर. गेला. पुन्हा खाली. आला. वीस मिनिटं हाच खेळ, आणि चित्राला प्रत्येकी एक कागद जास्त. बाईंनी गुंडाळीकडे एकदा पाहिलं आणि कागद वाटले.

९.४०
रंग. तैलखडूचे सहा डबे, तीन मुलांत एक. काळा आधी संपतो. सगळ्यांना कड काळीच हवी. पांढरा वर्षभर नवा राहतो. पांढऱ्या कागदावर त्याने करायचं काय?

पाहुणे येतात ते विचारतात, मुलांना वारली शिकवता का. वारली इथले नाहीत, ते वर पालघरकडचे. पण आदिवासी शाळा म्हटलं की भिंतीवर त्रिकोणी माणसं नाचलीच पाहिजेत, असा शहरातल्या लोकांचा हट्ट असतो. इथल्या मुलांना वारली शिकवायला हरकत नाही, जशी नेरूळच्या मुलांना नाही. उपजत येत असेल, हे गृहीत कशाला?

१०.४५
शेवटची चित्रं पोस्टर रंगाची. पावसात रंग वाळत नाही. खिचडीच्या शेडमध्ये चुलीच्या वर सुतळी बांधलीय, तिच्यावर चित्रं चिमट्यांनी टांगायची. स्वयंपाक करणाऱ्या मावशी कुरकुरतात, "डाळीत रंग गळंल." तरी चिमटे त्यांनीच जपून ठेवलेले असतात. कागदांना धुराचा वास लागतो.

११.३०
मुलं घरी. ओसरीत आता दोन मुली, याच शाळेतून गेलेल्या, सध्या आठवीत. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी या चित्रकला परीक्षेची तयारी. ती झाली की इंटरमीजिएट. त्यात ए श्रेणी आली तर दहावीला सात गुण वाढीव, बीला पाच, सीला तीन. हे सात गुण बाईंनी दोघींच्या वडलांना बोटांवर मोजून दाखवले, तेव्हा लावणीतून दोन तास सुटले. दोघींत कंपास एकच. एक वर्तुळ काढते तोवर दुसरी अक्षरलेखनाच्या रेघा मारते.

१.२०
फाट्यावर गाडीची वाट. गुंडाळीत एकही कोरा कागद नाही. फ्लेक्सच्या आत आता वाळलेली चित्रं, नेरूळच्या क्लासातल्या मुलांना दाखवायला. चौथीतल्या मुलाचं चित्र बाईंनी मागितलं होतं. त्याने दिलं नाही.

रात्री ९.३०
वांग्याची भाजी झाली. चौकटीच्या वहीचं मागचं पान. वाशीतला एक दुकानदार सुटे खडू देतो, पाच रुपयांना एक. बाई लिहितात: काळा १२. तपकिरी ४. शीट १०, खोडून १५. पांढरा नको.