स्थळप्रतीवरचा हिशेब

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी-उंदेरी ही बेटं दिसतात. गावात पैसा कधी असतो आणि कधी नसतो, हेही याच समुद्रावर ठरतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कोळीवाड्यात वर्गणी मागायला जाणारा मंडळाचा खजिनदार रिकाम्या हाताने परततो, आणि त्यात कोणाचाही दोष नसतो. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या की घराघरांत पैसा खेळू लागतो. कार्तिकात आवासचा नागेश्वर, कनकेश्वर, वरसोली आणि पुढे दत्तजयंतीला चौल अशा जत्रा ओळीने येतात. म्हणून दरवर्षीच्या मोठ्या कार्यक्रमाचं अंदाजपत्रक या वेळापत्रकावरच बसवावं लागतं.

समजा, मंडळाने कोळीगीतांचा तिकीट लावून कार्यक्रम ठेवला. मांडव, आवाज-दिवे, कलावंतांची बिदागी, परवाने असा सगळा खर्च 1,20,000 रुपये. मैदानात माणसं मावतात 1000. इथेच बहुतेकांची चूक होते: खर्चाला हजाराने भागून तिकीट 120 रुपये ठेवतात. मैदान पूर्ण भरेल असं धरून दर ठरवणं धोक्याचं. सहाशेच आले तर काय, हा प्रश्न आधी विचारायचा. मग तिकीट 200 रुपये निघतं. शिवाय नाटक-गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, म्हणजे हा दर त्या मर्यादेच्या बराच आत राहतो.

आता छपाई. पन्नास तिकिटांची वीस पुस्तकं, प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांक, आणि फाडल्यावर पुस्तकात राहणारी स्थळप्रत. पुस्तक कोणाच्या हाती गेलं, कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत, हे वहीत लिहून सही घेतल्याशिवाय एकही पुस्तक टेबलावरून हलू द्यायचं नाही. एका वर्षी माझ्याकडून दोन पुस्तकं नोंद न करता गेली. पैसे शेवटी आले, पण आठ दिवस चार प्रामाणिक माणसं एकमेकांकडे संशयाने पाहत होती. तो संशय मला अजून बोचतो.

कार्यक्रमाच्या रात्री टेबल आवरलं की ताळमेळ घ्यायचा. एकूण तिकिटं 1000. त्यातून न फोडलेली तीन पुस्तकं म्हणजे 150, फोडलेल्या पुस्तकांत उरलेली 38 आणि फुकट पास 40 वजा केले की विक्री 772. दोनशेने गुणलं की 1,54,400. गल्ल्यातली रोकड आणि बँकेत आलेली यूपीआयची रक्कम मिळून एवढीच भरली पाहिजे. मासळीच्या पाटीवरून थेट आलेल्या बायकांच्या नोटा ओल्या असतात. त्या वेगळ्या पसरून वाळवायच्या आणि मगच बंडलात घालायच्या, नाहीतर दोन नोटा चिकटून एक मोजली जाते. पासांचा आकडा आधी ठरवून कागदावर घ्यावा. 'आपलाच माणूस' म्हणत चाळीसाचे शंभर होतात.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात रोजच्या तिकिटाबरोबर सगळ्या दिवसांचं एकत्र तिकीटही असतं, खुर्चीचं आणि भारतीय बैठकीचं वेगळं. 1953 पासूनच्या या महोत्सवाकडून छोट्या मंडळानेही एक गोष्ट घ्यावी: आधी विकलेलं तिकीट आधी पैसे आणतं आणि मांडववाल्याचा आगाऊ हप्ता त्यातून भागतो. मात्र कार्यक्रम पार पडेपर्यंत तो पैसा लोकांचाच. पावसाने किंवा आजारपणाने कार्यक्रम रद्द झाला तर परत करावा लागेल, म्हणून निम्मा तरी बँकेत न हलवता ठेवावा. खात्यावर दोन सह्या हव्यातच.

वर्गणीचं खातं तिकिटात मिसळू नये. मंडळाची नोंदणी नसेल तर वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. नोंदणीकृत न्यासाला तर वर्षाचं लेखापरीक्षण बंधनकारकच आहे.

हिशेब मात्र सगळ्यांत आधी गावाला द्यावा. आठवड्याभरात जमा-खर्च मोठ्या अक्षरात समाजमंदिराच्या फळ्यावर लावायचा, शेजारी उरलेली तिकीट-पुस्तकं दोऱ्याने बांधून ठेवायची. ज्याला वाटेल त्याने क्रमांक मोजावेत.