विश्लेषण : बाळंतिणीची धाप नेहमी अशक्तपणाचीच असते का?

बाळंतीण रात्री उठून बसते. आडवे झाले की श्वास पुरत नाही, दोन उशा घेतल्या की थोडे बरे वाटते. घरचे म्हणतात, रक्त कमी आहे, जागरण होतेय. बहुतेकदा ते खरेही असते. पण काही वेळा हे ‘पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी’चे, म्हणजे बाळंतपणाच्या काळात हृदयाचा स्नायू कमकुवत झाल्याचे लक्षण असते.

हा आजार कधी होतो?

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून प्रसूतीनंतर साधारण पाच महिन्यांपर्यंत, आणि पूर्वी हृदयविकार नसलेल्या स्त्रीलाही. हृदयाचा डावा कप्पा एरवी दर ठोक्याला आतले निम्म्याहून अधिक रक्त बाहेर ढकलतो. या आजारात ते प्रमाण 45 टक्क्यांच्या खाली येते. गरोदरपणातील उच्च रक्तदाब, जुळी बाळे, तिशीनंतरचे बाळंतपण यांत धोका अधिक.

अहिल्यानगरमध्ये निदान कुठे निसटते?

पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. सव्वा महिन्याने मुलगी सासरी जाते. गाव बदलते, आशाताई बदलतात. नवजात बाळासाठीच्या आशांच्या घरभेटीही 42 व्या दिवशी संपतात, आणि त्या भेटींत काट्यावर बाळ असते, आई नाही. पाथर्डी, शेवगावकडची ऊसतोड कुटुंबे हंगामात गाव सोडतात. फडावर धाप लागली तर ती दमणूकच समजली जाते. अकोले तालुक्यातील राजूरहून नगर शंभर किलोमीटरहून लांब आहे. तेव्हा संशय गावातच यायला हवा.

काय पाहावे?

साधी सूज प्रसूतीनंतर उतरत जाते, ही वाढते. वजन झपाट्याने चढते, छातीत धडधडते, रात्री खोकला येतो. आडवे झाल्यावर लागणारी धाप ही सर्वांत महत्त्वाची खूण. अशा वेळी सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन प्राथमिक आरोग्य केंद्रातही मोजता येतो, पण निदान पक्के होते टू-डी इकोने.

उपचाराने अनेक जणींचे हृदय काही महिन्यांत पूर्ववत होते. बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने थांबवू नयेत. स्तनपानाचा निर्णयही औषधे पाहून डॉक्टरांनीच सांगायचा. पुढच्या गरोदरपणात आजार उलटू शकतो. त्यामुळे दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी पुन्हा इको करावा लागतो, आणि हृदय सावरले नसेल तर डॉक्टर पुढचे गरोदरपण टाळायला सांगतात. ही गोष्ट सासरच्यांनाही दवाखान्यातच सांगितलेली बरी.